तेलाचा ड्रम की विजेचा?

बडोद्यात नवरात्राच्या आधी ओढण्या आणि टी-शर्ट छापणाऱ्यांची धांदल उडते, आणि नवं रोटरी मशीन (गरम, फिरत्या ड्रमवर कागदावरची छपाई कापडावर उतरवणारं) घेताना हाच प्रश्न येतो. एक आधी सांगतो: तेलाचं मशीनही बहुतेक विजेवरच चालतं. फरक एवढाच, की त्यात हीटर आधी ड्रममधलं तेल तापवतात आणि तेल ड्रमला तापवतं.

या तेलामुळे ड्रम सगळीकडे सारखा तापतो, म्हणून रंग एकसारखा येतो. पॉलिस्टरवर सब्लिमेशनला, म्हणजे कागदावरची शाई उष्णतेने वाफ होऊन कापडात उतरायला, साधारण २०० अंश सेल्सिअस लागतात. काठाला तापमान थोडं उतरलं, की काळा रंग तपकिरी दिसू लागतो. सुरतेहून आलेल्या ताग्यावर सलग गडद रंग छापायचा असेल तर हा फरक लगेच डोळ्यांत भरतो. साध्या विजेच्या ड्रमवर मधे आणि काठाला असा फरक पडण्याची भीती जास्त.

पण तेल तापायला वेळ खातं, मशीन जड आणि महाग, शिवाय गळती तपासत राहावी लागते. विजेचं लवकर तापतं. दिवसातून दोन-चार तासच काम असेल, सुटे तुकडे छापायचे असतील, तर मी तेच घ्यायला सांगेन. ताग्यांचं काम रोज असेल तर मात्र तेलाचंच, पैसे थोडे जमवावे लागले तरी.

वीज गेली की धोका दोन्हींत आहे: गरम ड्रमवर थांबलेलं फेल्ट, म्हणजे कापड ड्रमवर दाबून धरणारा जाड पट्टा, करपू शकतं. ड्रम हाताने फिरवायची किंवा फेल्ट सैल करायची सोय दुकानदाराकडून चालवून दाखवून घ्या.