हाऊ वी फील: 'बोअर होतंय'च्या पलीकडचे शब्द शोधून देणारं अ‍ॅप

'काय झालंय?' 'काही नाही.' 'मग असा का बसलायस?' 'बोअर होतंय.' वयात येणाऱ्या मुलांचं हे उत्तर म्हणजे दर वेळी लपवाछपवी नसते. बरेचदा त्यांना शब्दच सापडत नसतो, आणि हाऊ वी फील नेमकं तिथेच कामी येतं.

येल विद्यापीठाच्या भावनिक बुद्धिमत्ता केंद्राचे मार्क ब्रॅकेट यांच्या सहकार्याने एका ना-नफा संस्थेने हे अ‍ॅप बनवलं आहे. ते फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत. गाभा आहे मूड मीटर: अंगात जोर किती आणि वाटतंय ते सुखद की नकोसं, या दोन प्रश्नांवरून चार रंग. जोर जास्त आणि नकोसं तो लाल, जोर कमी आणि नकोसं तो निळा, जोर जास्त आणि सुखद तो पिवळा, शांत आणि सुखद तो हिरवा. खरी खुबी इथेच आहे. 'तुला काय वाटतंय?' याला उत्तर न देणारं मूल 'अंगात जोर आहे की गळून गेल्यासारखं?' याला चटकन उत्तर देतं.

रंग निवडला की शब्दांचे गोल उघडतात, एकूण 144. गोलावर बोट नेलं की खाली एका ओळीत अर्थ येतो. अडचण इंग्रजीची. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाबरोबर आपले शब्द शेजारी लिहून ठेवावेत. नुसता 'राग' पुरत नाही. चिडचिड असेल तर आधी झोप आणि भूक बघायची. वैफल्य असेल तर कुठला प्रयत्न अडलाय ते शोधायचं. हेवा असेल तर कुणाचा आणि कशाचा, हे विचारायचं. ओशाळलेल्या मुलाला रागावलेलं समजून समजावत बसलं तर ते आणखी मिटतं. 'हुरहूर' लालमध्ये की निळ्यात, यावर मुलाशी वाद घाला. त्या वादातच निम्मं काम होतं.

शब्दानंतर कुठे, कुणाबरोबर, काय करताना हे टिपायचं असतं. दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी नोंद पुरे. पाच-सहा नोंदींत काहीच दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांनी मात्र 'उशिरा झोपलेल्या रात्रीनंतरची सकाळ लालच' असलं काही समोर येऊ लागतं.

मन सावरायला छोटे व्हिडिओ आहेत: श्वास, हालचाल, विचाराची दिशा बदलणं, कुणाशी तरी बोलणं. चांगले आहेत, पण भडका उडालेला असताना फोन हातात देऊ नका. त्या क्षणी वाचलेलं डोक्यात शिरत नाही. आधी शरीर थंड व्हायला हवं: चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं आठ-दहा वेळा, किंवा सरळ एक फेरी मारून यायची. नोंद त्यानंतर.

सगळ्यात जास्त घोळ मोठी माणसं घालतात. मुलाला दर वेळी हिरव्याकडे ढकलू नये. परीक्षेआधीची थोडी धाकधूक कामाची असते, आणि जवळचं कुणी गमावल्यावर निळ्यात राहणं हा बिघाड नव्हे. दुसरं, 'दाखव बघू आज काय टाकलंस' म्हणू नका. अशी तपासणी सुरू झाली की मूल रोज 'शांत' निवडून मोकळं होतं. त्यापेक्षा जेवताना स्वतःचा रंग आणि शब्द सांगा, कारणासकट.

दोन आठवडे सलग निळंच, सोबत झोप, खाणं किंवा अभ्यास कोलमडलेला, तर प्रश्न अ‍ॅपच्या आवाक्याबाहेरचा आहे. समुपदेशक किंवा डॉक्टर गाठा. स्वतःला इजा करण्याचं बोलणं आलं, तर मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

स्वतःचा फोन नसलेल्या मुलासाठी कागदावर चार चौकोन आखून प्रत्येकात मुलाने सुचवलेले सहा-सात मराठी शब्द लिहिले तरी चालतं. व्हिडिओ आणि आलेख तेवढे मिळणार नाहीत.