डब्लिनचं ‘एपिक’: आधी धक्क्यावर चाला, मग तळघरात उतरा

डब्लिनला आलेल्या पाहुण्यांकडे एकाच संग्रहालयापुरता वेळ असेल तर मी त्यांना ‘एपिक’ला नेते. देश सोडून गेलेल्या आयरिश लोकांचं हे संग्रहालय. मीही देश सोडून इथे राहायला आलेली, त्यामुळे हा विषय मला परका वाटत नाही. यावेळी माझ्या मुलीखेरीज बरोबर दोघं होते. एक आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, निवृत्त इतिहास शिक्षक. दुसरा माझ्या भाचीचा नवरा. तो बोस्टनचा, आडनावाने आयरिश, पण आयर्लंडमध्ये पहिल्यांदाच पाऊल ठेवलेला.

माझी एक अट असते. लुआस ट्रॅममधून जॉर्जेस डॉकला उतरल्यावर लगेच आत शिरायचं नाही. आधी लिफी नदीच्या काठावर यायचं. तिथे १८४५ नंतरच्या आयर्लंडच्या मोठ्या दुष्काळाची आठवण म्हणून रोवन गिलेस्पी या शिल्पकाराने घडवलेल्या ब्राँझच्या मूर्ती आहेत, १९९७ सालच्या. सापळे झालेली माणसं, अंगावर चिंध्या, छातीशी गाठोडं. एकाच्या खांद्यावर निपचित पडलेलं मूल. मागून एक कुत्रं. मूर्तींना चौथरा नाही की कठडा नाही. ऑफिसला निघालेली माणसं त्यांच्या बाजूने झपझप जात असतात. याच धक्क्यावरून १८४६ च्या सेंट पॅट्रिक दिनी, म्हणजे १७ मार्चला, आयरिश लोकांच्या मोठ्या सणाला, ‘पर्सिव्हिअरन्स’ नावाचं जहाज २१० प्रवासी घेऊन न्यूयॉर्कला निघालं. बटाट्यावर करपा येऊन तेव्हा एकच हंगाम बुडाला होता. खरी वाताहत पुढेच होती.

आप्पांनी विचारलं, “एका पिकावर अख्खा देश कसा गं बसतो?” बसवला गेला, हे त्याचं उत्तर. जमीन जमीनदारांची, कुळाच्या वाट्याला तुकडा, आणि त्या तुकड्यावर कुटुंब जगवेल असं पीक बटाटाच. धान्य पिकत होतं, पण ते खंडापायी जात होतं, आणि उपासमारीच्या वर्षांतही जहाजं भरून बाहेर चाललं होतं. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांच्या वर होती. दहा वर्षांनी ती ६५ लाखांच्या आसपास उरली. सुमारे दहा लाख माणसं मेली, आणि तेवढी किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. सुरुवातीच्या मदतीत कलकत्त्यात जमलेला निधी होता हे मी सांगितलं, तेव्हा आप्पा थबकले आणि खिशातल्या वहीत नोंद करून घेतली.

गिलेस्पी यांच्याच मूर्तींचा दुसरा संच कॅनडात, टोरांटोच्या पाण्याकाठी, २००७ साली उभा राहिला. तिथे ही माणसं पोचलेली दाखवली आहेत, आणि इथल्यापेक्षा त्यांची संख्या कमी आहे. का, ते वेगळं सांगायला नको. १८४७ च्या एका वर्षात २० हजार वस्तीच्या त्या गावात ३८ हजार आयरिश उतरले आणि अकराशेच्या वर तिथेच दगावले. क्युबेकजवळच्या ग्रोस ईल बेटावर त्याच सुमारास पाच हजारांहून जास्त माणसं पुरली गेली.

पुढे थोडं चाललं की ‘जीनी जॉन्स्टन’ दिसतं. हे मूळ जहाज नाही, हुबेहूब बांधलेली प्रतिकृती आहे. मूळ जहाज क्युबेकला बांधलेलं, आणि १८४८ ते १८५५ या काळात आयर्लंडमधल्या केरीतून उत्तर अमेरिकेला त्याच्या १६ फेऱ्या झाल्या. अडीच हजारांवर माणसं गेली आणि प्रवासात एकही दगावलं नाही. जहाजावर डॉक्टर होता, कप्तान माणसांना हवेसाठी डेकवर येऊ द्यायचा. बाकीच्या जहाजांवर काय चालायचं हे ऐकल्यावर या साध्या गोष्टींची किंमत कळते. वाटाड्याबरोबर खाली उतरा. एकेका फळीवर किती जणांनी झोपायचं होतं ते पाहा. ही फेरी चुकवू नका असं मी अगदी ठासून सांगते.

आता ‘एपिक’. मे २०१६ मध्ये उघडलं. इमारत १८२० च्या सुमाराची, बंदरातलं जुनं गोदाम. वर तंबाखू आणि खाली विटांच्या कमानींच्या तळघरात दारूची पिंपं. १८५६ साली क्रिमियाच्या युद्धावरून परतलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांना इथेच जंगी मेजवानी दिली होती. संग्रहालय या तळघरातच आहे. वीस दालनं, एका कमानीतून दुसरीत. प्रवेशाला एक छोटा पासपोर्ट मिळतो आणि दालनागणिक त्यावर शिक्का मारत जायचं. माझी मुलगी शिक्क्यांमागे धावत सगळ्यात आधी शेवटच्या दालनाला पोचली. मग परत फिरून तिने सगळं सावकाश पाहिलं.

जुन्या वस्तू काचेच्या पेटीत मांडलेल्या बघायची ज्यांना आवड आहे त्यांनी आधीच समजून घ्यावं: इथे मुख्यतः पडदे, आवाज, चित्रं, स्पर्शाने उलगडणारे तक्ते असंच आहे. आप्पा सुरुवातीला नाराज होते. मला मात्र ही मांडणी विषयाला शोभणारी वाटते. जी माणसं एका गाठोड्यानिशी गेली त्यांच्या वस्तू कुठून जमवणार? त्यांनी नेलं ते डोक्यात आणि गळ्यात. पत्रं, चाली, प्रार्थना, पाककृती, वैरं. ते ऐकूनच कळतं.

ही माणसं फक्त दुष्काळामुळे गेली नाहीत, हे संग्रहालय नीट सांगतं. कोणी परक्या राजांच्या फौजेत गेलं, कोणी धर्मप्रचाराला, कोणी बेड्या घालून ऑस्ट्रेलियाला. बदनाम मंडळींसाठी स्वतंत्र दालन ठेवलंय याचं मला फार कौतुक आहे, कारण आपल्या माणसांबद्दल बोलताना हा भाग आपण सगळेच गाळतो. तिथे मी नेड केलीच्या बापाची गोष्ट सांगितली. टिपेररीचा माणूस, दोन डुकरं चोरली म्हणून १८४१ साली टास्मानियाला धाडलेला. त्याचा पोरगा पुढे ऑस्ट्रेलियातला सर्वांत गाजलेला दरोडेखोर झाला.

पण मी पाहुण्यांना इथे आणते ते संगीत आणि नृत्याच्या दालनांसाठी. पारंपरिक आयरिश म्हणून आज जग जे ओळखतं, त्याचा केवढा तरी भाग बाहेर गेलेल्यांनी घडवलाय किंवा जपून परत पाठवलाय. ‘रिव्हरडान्स’ घ्या. १९९४ च्या युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेत, मधल्या वेळेत, काही मिनिटांचं नृत्य झालं आणि आयरिश नाच एका रात्रीत जगभर पोचला. तो रंगमंच याच धक्क्यावर, संग्रहालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता. आणि पुढे नाचणारे दोघे, मायकेल फ्लॅटली आणि जीन बटलर, दोघंही अमेरिकेत जन्मलेले. एक शिकागोचा, दुसरी न्यूयॉर्ककडची.

त्याआधीची गोष्ट फ्रान्सिस ओ’नील यांची. वेस्ट कॉर्कमधून पोरसवदा वयात निघालेला हा माणूस शिकागोच्या पोलिसांचा प्रमुख झाला. त्या शहरात आयर्लंडच्या प्रत्येक कोपऱ्यातले वादक कामाला आलेले. मायदेशात एकमेकांना कधीच न भेटले असते असे. ओ’नील यांनी त्यांच्याकडून चाली उतरवून घेतल्या आणि १९०३ साली १,८५० चाली छापल्या. आयर्लंडमधले वादक पिढ्यानपिढ्या त्या संग्रहावरून वाजवत आले. सेंट पॅट्रिक दिनाची मिरवणूकही तशीच: न्यूयॉर्कला ती १७६२ पासून, डब्लिनला सरकारी मिरवणूक १९३१ ची. हे मी सांगत होते तेव्हा भाचीचा नवरा इतका वेळ गप्प होता तो एकदम म्हणाला, “मावशी, म्हणजे आम्ही बोस्टनला करतो ते नकली नाही तर!” घरी त्याला कायम ऐकवलं जायचं की तू काही खरा आयरिश नाहीस. मी म्हटलं, “नाही रे. तुझ्या लोकांशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.”

हे संग्रहालय ज्यांनी उभं केलं ते नेव्हिल इस्डेलही असेच. जन्म आयर्लंडच्या बेटावर, वाढले झांबियात, कोका-कोलाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले आणि मग ही इमारत घेतली.

तळघरात नाव कमावलेल्यांचा थाट मोठा आहे. शास्त्रज्ञ, खेळाडू, राष्ट्राध्यक्ष. आधी धक्क्यावरून चालत या म्हणते ते त्यासाठीच. म्हणजे आत दिसणाऱ्या प्रत्येक नावामागे नाव नसलेली माणसंही आठवत राहतात. विशेषतः बायका. आयरिश स्थलांतरात जवळपास निम्म्या बायका होत्या, त्यातल्या कितीतरी लग्नाआधीच, घरच्या पुरुषांशिवाय निघालेल्या. अमेरिकेत लोकांच्या घरी राबून त्या पैसे पाठवायच्या. त्यातून घरचा खंड भरला जायचा आणि पाठच्या बहिणीचं तिकीट निघायचं. मुलगी निघायच्या आदल्या रात्री घरी जागर व्हायचा, मयताला करतात तसा. गाणी, नाच, रडणं, आणि उजाडल्यावर वेशीपर्यंत पोचवायला सगळा गाव. ती पुन्हा दिसणार नाही हे सगळ्यांना माहीत. मी दर आठवड्याला आईशी व्हिडिओवर बोलते, आणि तरीही विमानतळावर तिचा हात सोडवत नाही. त्या रात्री मागे राहिलेल्या आयांचं काय झालं असेल, यावर मला अजून एक अख्खं दालन बघायला आवडेल.

बाहेरून येणाऱ्यांची नोंद जिथे व्हायची त्या न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर १ जानेवारी १८९२ ला सगळ्यात पहिली नोंद झाली ती अशाच एका मुलीची, कॉर्कच्या ॲनी मूरची. वय १७, बरोबर दोन धाकटे भाऊ. पुढे ती टेक्सासला गेली असं वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं. २००६ मध्ये वंशावळीच्या अभ्यासकांनी कागद तपासून दाखवलं की ती वेगळीच ॲनी मूर होती. खरी ॲनी मॅनहॅटनच्या गरीब वस्तीत लेकुरवाळा संसार करत राहिली, १९२४ साली वारली, आणि तिच्या कबरीवर दगडसुद्धा नव्हता.

असे कागद तपासायची सोय याच इमारतीत आहे, आयरिश वंशावळ केंद्रात. घरात आयरिश-अमेरिकन जावई किंवा सून असेल तर त्यांना जरूर न्या, पण तयारीने. १९२२ साली, यादवी युद्धात, डब्लिनचं सरकारी दफ्तर जळालं आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या जनगणना जवळजवळ साऱ्या त्यात गेल्या. उत्तरार्धातल्या त्याआधीच सरकारने नष्ट केलेल्या. पूर्ण उरलेल्यांत सगळ्यात जुन्या १९०१ आणि १९११ च्या. त्या आणि कॅथलिक पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, नोंदवह्या घरबसल्या फुकट बघता येतात. तेवढं आधी बघून घ्या, मग तज्ज्ञांचा वेळ मागा. आमच्या पाहुण्याकडे फक्त ‘काउंटी गॉलवे’, म्हणजे जिल्ह्याचं नाव, एवढंच होतं. तेवढ्याने भागत नाही. गावाहूनही लहान असा जो जमिनीचा विभाग, ‘टाउनलँड’, त्याचं नाव हवं, आणि देशात ते साठ हजारांच्या वर आहेत. ते नाव अनेकदा परदेशातल्या कबरीवरच कोरलेलं सापडतं. तेव्हा विमानात बसण्याआधी पणजोबांची कबर शोधून तिच्यावरची अक्षरं उतरवून घ्या.