पंचायतीचं सामान : हप्ते चालू असलेल्या घराने घ्यावं का?

मुंबई ग्राहक पंचायत म्हणजे काय हे पार्ले-ठाणे-डोंबिवलीकडच्या मराठी घरांत खरं तर सांगावं लागू नये, पण आमच्याच विंगेतल्या एका नवीन लग्न झालेल्या मुलीला विचारलं तर "ती तक्रारी घेणारी संस्था ना?" म्हणाली, म्हणून आधी थोडक्यात सांगते. तक्रारींचं काम ते करतातच, पण १९७५ पासून त्यांचं दुसरं मोठं काम म्हणजे महिन्याचं वाणसामान. आसपासच्या काही घरांनी मिळून एक संघ करायचा, पुढच्या महिन्याला काय काय हवं ते आधीच यादीत भरून द्यायचं, सगळ्या घरांचं सामान एकाच घरी उतरतं आणि आपणच ते वाटून घ्यायचं. दुकान नाही, काउंटर नाही, नफा कमवायचा हेतू नाही.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे घराचा हप्ता, त्यावर सासऱ्यांच्या बायपासच्या वेळी घेतलेलं पर्सनल लोन, आणि तेव्हाच हॉस्पिटलमध्ये घासलेलं क्रेडिट कार्ड. दोघांचे पगार मिळून ७८ हजार हातात येतात, त्यातले दोन हप्ते मिळून ३४ हजार पाच तारखेलाच जातात. उरलेल्यात शाळेची व्हॅन, सासऱ्यांची औषधं, लाइटबिल, मेंटेनन्स हे सगळं ठरलेलं, त्यात हात घालता येत नाही. हात घालता येईल असा एकच खर्च होता, किराणा. आणि तो नेमका किती होतोय हेच कळत नव्हतं, कारण थोडं वाण्याकडून, थोडं मॉलमधून, थोडं त्या दहा मिनिटांत घरपोच वाल्या अॅपवरून (नाव घेत नाही, पण कोथिंबिरीची जुडी मागवली तर वर हँडलिंग चार्ज, पाऊस आहे म्हणून रेन चार्ज, आणि डिलिव्हरी फ्री हवी म्हणून आपण अजून दोनशेचं काहीतरी टाकतो). सगळं जोडलं तर १३-१४ हजार जात होते, भाजी-दूध वेगळं.

खर्च लिहायचं एक अॅपही वापरून बघितलं, बँकेचे मेसेज वाचून ते आपोआप हिशोब मांडतं. रंगीत गोल काढून दाखवतं छान, पण पैसे गेल्यावर. गेलेल्याचा गोल बघून काय करू?

पंचायतीच्या यादीत नेमकं उलटं होतं. यादी भरायची म्हणजे आधी डबे उघडायला लागतात. आमच्याकडे जेवणं झाली की मी ओट्यापाशी आणि नवरा पेन घेऊन टेबलाशी, मी ओरडते "मूगडाळ अर्धा डबा आहे, या वेळी नको", तो म्हणतो चहा दोन किलो कशाला, मग दिवसाला किती कप होतात यावर वाद, शेवटी दीड. साबण मोजले तर बाथरूमच्या कपाटात सात निघाले, ऑफरमध्ये आणून ठेवलेले. मग साबणाची रांग रिकामी ठेवली. असं करत यादी साडेसहा-सात हजारात बसते, आणि एकदा दिली की विषय संपला, महिनाभर दुकानात पायच पडत नाही. पाय पडला नाही की ट्रॉलीत कुकीज पडत नाहीत.

स्वस्त पडतं का, हे सगळे विचारतात. बऱ्याच गोष्टी पडतात, सगळ्या नाही, डी-मार्टला एखाद्या महिन्यात तेल किंवा डिटर्जंट त्याहून खाली मिळू शकतं. पण भावातला फरक दोन-पाचशेचा, आणि आमचं बिल उतरलं ते पाच-सहा हजारांनी. तो फरक डाळीच्या भावाचा नाही, न आणलेल्या सामानाचा आहे. म्हणून "कुठे तूरडाळ दोन रुपयांनी स्वस्त" असले तक्ते करणाऱ्यांना मी सांगते की तुम्ही चुकीच्या रांगेत बेरीज करताय.

वाचलेले पैसे कुठे टाकायचे यावरून घरात चर्चा झाली. नवऱ्याचं म्हणणं घराच्या कर्जात भरू, मुद्दल मोठं आहे. मी कागदावर मांडलं. कार्डावर बाकी ६८ हजार, महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे २,३८० व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे अजून ४२८. मिनिमम ड्यू (महिन्याला निदान एवढं भरावंच लागतं ती रक्कम) पाच टक्के धरला तर ३,४०० भरायचे, त्यातले २,८०८ व्याज आणि टॅक्समध्येच गेले, मूळ बाकीतून कमी झाले जेमतेम ५९२! घराच्या कर्जावर वर्षाला जेवढं टक्के व्याज लागतं तेवढं हे कार्ड तीन महिन्यांत घेतं. कार्ड आधी, मग पर्सनल लोन, घराचं शेवटी, हे तिथेच ठरलं. आणि अजून एक, जे बऱ्याच जणांना माहीत नसतं: कार्डावर जुनी बाकी राहिलेली असली की नवीन खरेदीला ते ४५-५० दिवस बिनव्याजी वगैरे मिळत नाही, घेतल्या दिवसापासून मीटर चालू. म्हणजे कॅशबॅकच्या नादाने कार्डावर किराणा भरला तर त्या गव्हाच्या पिठावरही व्याज. पंचायतीच्या सामानाचं महिन्याला एकच बिल, ते पगारातून बाजूला काढून ठेवायचं, कार्डाचा संबंधच नाही.

आता त्रास. सामान उतरतं त्या दिवशी वाटपाला माणूस लागतो. हॉलमध्ये फरशीवर घराघराचे ढीग लावायचे, एकीने यादी वाचायची, दुसरीने पुड्या टाकायच्या, आणि शेवटी एक गुळाची ढेप उरतेच मग "गूळ कोणाचा राहिला गं" करत सगळ्या याद्या परत. नोकरी करणाऱ्या बाईला हे जड जातं. आमच्याकडे नवरा जातो, सगळ्या काकूंमध्ये एकटा पुरुष, पण आता त्याला कुणाला जाड पोहे आणि कुणाला पातळ हे पाठ झालंय.

दुसरं म्हणजे जागा. वन बीएचकेच्या ओट्याखाली महिन्याचं सगळं एकदम ठेवायचं तर डबे कमी पडतात, पावसाळ्यात टोके होतात, तूरडाळीला एरंडेल चोळून ठेवणं वगैरे आईच्या गोष्टी परत सुरू कराव्या लागल्या. आणि हो, अचानक पाहुणे आले की वाण्याकडे जावंच लागतं. त्यासाठी मी एक पाकीट ठेवलंय, हजार रुपयांचं, संपलं की संपलं.

दिवाळीचा महिना वेगळा धरा. रवा, मैदा, बेसन, साखर, तूप, पोहे, सुकं खोबरं, यादी दुप्पट होते. मी गणपतीनंतरच्या महिन्यांत थोडं थोडं बाजूला काढते, नाहीतर बोनस येईपर्यंत हात परत कार्डाकडे जातो, आणि बोनस तर पर्सनल लोनमध्ये टाकायचाय. (तिथे मुदतीआधी भरायला चार्ज आहे का हे सँक्शन लेटरमध्ये बघून घ्या. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजाच्या घरकर्जाला वैयक्तिक कर्जदाराकडून असा चार्ज घेता येत नाही, पण पर्सनल लोन बहुतेक फिक्स्ड, म्हणजे एकाच ठरलेल्या व्याजाचं असतं, तिथे लावतात.)

माझ्याकडून पाचपैकी चार. एकटे राहणारे, सतत फिरतीवर असणारे, किंवा ज्यांच्याकडे रोज वेगळं काहीतरी खायला लागतं त्यांनी याच्या नादी लागू नये, यादीतलं अर्धं पडून राहील. ज्यांच्याकडे वरण-भात-पोळी-भाजी ठरलेली आहे आणि पाच तारखेला खातं रिकामं होतं त्यांनी आपल्या भागात संघ आहे का एवढं आधी विचारावं, बहुतेक ठिकाणी कुणाची तरी मावशी किंवा शेजारीण त्यात असतेच. संघ नसेल तर स्वतः घरं गोळा करायला लागतील, आणि ते काम सामान वाटण्यापेक्षा अवघड आहे, कारण पहिला प्रश्न प्रत्येक जण हाच विचारणार की तूरडाळ किती रुपयांनी स्वस्त.