जॉनीज गॉर्ज की डिक्सन्स पिनॅकल?

अंदमानात स्वराजद्वीपला (जुनं हॅवलॉक) निघालेल्या एका मैत्रिणीचा प्रश्न: स्कूबा डायव्हिंगचं ॲडव्हान्स्ड सर्टिफिकेट आहे, बोटीचा एकच दिवस हाताशी आहे, जॉनीज गॉर्ज आणि डिक्सन्स पिनॅकल या दोन डाइव्हच्या जागांपैकी जायचं कुठे? दोन्हीकडे ‘स्वर्ग’ दाखवायचं आश्वासन मिळतंच, ते सोडून देऊ.

आधी खोली. डिक्सन्स म्हणजे पाण्याखालचे तीन सुळके. माथा साधारण 18 मीटरवर, पायथा तिशीच्या पुढे. त्यामुळे खालून सुरुवात करून हळूहळू वर सरकता येतं. गॉर्जमध्ये ही चैन नाही, बराच वेळ 25 ते 30 मीटरवरच जातो. वर येताना सक्तीचे थांबे न घेता किती वेळ खाली राहता येतं, त्याच्या डाइव्ह-तक्त्याप्रमाणे 30 मीटरला साध्या हवेवर जेमतेम 20 मिनिटं मिळतात, 32 टक्के नायट्रॉक्सवर (म्हणजे 32 टक्के ऑक्सिजन असलेल्या हवेवर) 30. मी तरी गॉर्जसाठी नायट्रॉक्सचे जादा पैसे देईन. त्याचा कोर्स मात्र आधी झालेला हवा, आणि त्यावर 33 मीटरखाली जायचं नाही.

प्रवाहाच्या बाबतीत डावं-उजवं करण्यात अर्थ नाही. दोन्हीकडे तो अंगावर येऊ शकतो. सरफेस मार्कर (बोटीला आपली जागा दाखवणारा फुगा) पाण्यातूनच वर सोडता येत नसेल, तर दोन्ही जागा राहू द्या.

मासे? गॉर्जमध्ये स्नॅपरचे दाट थवे, बॅराकुडा आणि नशिबात असेल तर व्हाइटटिप शार्क. डिक्सन्सवर मऊ प्रवाळांचे रंग, क्लाउनफिश, ग्रूपर.

थव्यांचं वेड असेल आणि हवा जपून वापरत असाल, तर गॉर्ज. कॅमेरा घेऊन रेंगाळायचं असेल किंवा जोडीदाराची टाकी लवकर संपत असेल, तर डिक्सन्स. बऱ्याच महिन्यांनी उतरत असाल, तर आधी एक उथळ डाइव्ह.