एअर रायफलवर ४×३२ की ३-९×४०? हिवाळा, उन्हाळा आणि पहिला पाऊस पाहिल्यावर

नळी मोडून भरायची, स्प्रिंगवर चालणारी ०.१७७ इंची छर्र्याची रायफल. तिच्यावर आलटून पालटून दोन स्कोप: एक फिक्स ४×३२ (चित्र ४ पट मोठं, पुढचं भिंग ३२ मिमी), दुसरा ३-९×४० झूमचा (३ ते ९ पट, भिंग ४० मिमी), पुढच्या भिंगावर फोकसची रिंग असलेला. निशाणा कागदाचा, अंतर १० ते ३० मीटर, मागे धुऱ्याला टेकवलेलं रेतीचं पोतं. पाखरं-ससे मारायला स्कोप शोधत असाल तर पुढे वाचू नका, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा गावातही लागू आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. झूमसाठी पैसे घालू नका. घालायचेच तर पुढच्या रिंगसाठी घाला.

कारण पॅरलॅक्स, म्हणजे डोळा हलला की क्रॉस (आतल्या नेमाच्या रेघा) निशाण्यावरून सरकल्यासारखा दिसणं. मोठ्या रायफलीच्या स्कोपचा पॅरलॅक्स साधारण १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर शून्य होईल असा बांधलेला असतो. तो १० मीटरवर वापरला की कागद धुरकट दिसतोच, वर डोळा मधोमध नसेल तर क्रॉसही जागचा सरकतो. ४० मिमी भिंगात ही चूक जास्तीत जास्त १८ मिमीपर्यंत जाते, ३२ मिमीत १४ पर्यंत. तपासायचं असं: रायफल पोत्यावर घट्ट बसवा, हात काढा आणि आतून बघत डोकं जरासं वर-खाली हलवा. क्रॉस टिकलीवरून हलला तर रिंग फिरवा, हलायचा थांबेपर्यंत. रिंगवर छापलेल्या आकड्यांवर जाऊ नका. टेपने अंतर मोजून रिंगवर कागदी पट्टी चिकटवा आणि १०, २०, ३० च्या खुणा स्वतः करा. फिक्सला ही सोय नाही, पण तो एअर रायफलसाठीच बनलेला असल्यामुळे २० च्या पुढे कुरकुर नाही. १० वर मात्र गाल दरवेळी एकाच जागी टेकवावा लागतो.

आता झूम. ९ पटीवर हृदयाच्या ठोक्यागणिक क्रॉस डुलतो, आणि तो थांबायची वाट बघता बघता चाप झटक्यात ओढला जातो. एप्रिल-मे मध्ये सकाळी नऊनंतर नांगरलेल्या काळ्या वावरावरून झळा उठतात, मग ३० मीटरवरही कागदाची कड थरथरते. ४ वर ते जाणवतही नाही. संध्याकाळी उलटं. ४० भागिले ९ म्हणजे डोळ्यात येणारा प्रकाशाचा गोल जेमतेम साडेचार मिमी, चित्र काळवंडतं. ५ वर आणलं की तोच गोल ८ मिमी, म्हणजे ४×३२ इतकाच. त्यामुळे झूमची रिंग ५-६ वर जाऊन बसली ती तिथेच राहिली.

शिवाय झूम फिरवली की नेमही हलू शकतो. या स्कोपवर २५ मीटरला ३ आणि ९ च्या ग्रुपमध्ये (छर्र्यांच्या भोकांच्या घोळक्यात) दीड सेंमीचा फरक पडला. घेतल्याबरोबर ही चाचणी करा. मिल-डॉटवाला (क्रॉसवर मापाचे ठिपके असलेला) असेल तर ठिपक्यांचं माप बहुतेक स्वस्त स्कोपमध्ये एकाच झूमवर खरं असतं. ९ वर दोन ठिपक्यांतलं अंतर २५ मीटरला २५ मिमी असेल, तर साडेचारवर तेच ५० मिमी होतं.

सगळ्यात जास्त डोकेदुखी माउंटची, म्हणजे स्कोप रायफलीवर धरणाऱ्या पकडीची. स्प्रिंगची रायफल आधी मागे धक्का देते आणि पिस्टन आदळला की पुढे हिसकते. या उलट्या हिसक्यात नुसत्या मागच्या धक्क्यासाठी बनलेल्या स्कोपचा क्रॉस तुटतो, भिंग सैल होतं. म्हणून 'स्प्रिंग एअर रायफलसाठी' असं लिहिलेलं असेल तरच घ्या. ११ मिमी रेलवर (रायफलीवरची पट्टी, जिच्यावर माउंट बसतो) दोन सुट्या रिंगा नकोत. एकसंध माउंट घ्या, खाली स्टॉप पिन (सरकू न देणारी खुंटी) असलेला, आणि पिन रेलमधल्या भोकात बसली का ते बघा. रेल आणि माउंट स्पिरिटने पुसून तेलकटपणा काढा, स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा. माउंटच्या मागे रेलवर पेन्सिलची रेघ मारा. रेघ झाकली गेली की स्कोप मागे सरकला, मग क्लिकशी (नेम सरकवायच्या बटणाच्या टप्प्यांशी) खेळत बसण्यात अर्थ नाही. झूमचा स्कोप अर्धा किलोच्या आसपास जातो, म्हणून तोच आधी सरकतो. क्रॉस सरळ करायला भिंतीवर गवंड्याचा ओळंबा सोडा, उभी रेघ दोरीवर जुळवा.

बरेच जण 'क्लिक चालत नाहीत' म्हणून स्कोप परत पाठवतात. पाव मिनिटाची (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिक १०० मीटरवर ७ मिमी सरकवते, १० मीटरवर फक्त ०.७ मिमी. एक सेंमी सरकवायला १४ क्लिक लागतात.

पावसाळ्यात बाहेरच्या काचेवर वाफ आली तर पुसा. आत आली तर सील गेलं, आत वाफ धरू नये म्हणून भरलेला नायट्रोजन गेला. घरी उघडू नका, वॉरंटीत बदलून घ्या. ठेवताना डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, नाहीतर भिंगावर बुरशी धरते. धूळ आधी रबरी फुग्याने उडवा, मग मऊ ब्रश. खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसलं की त्यात अडकलेली माती कोटिंगवर चरे पाडते.