अजिंठ्याला जाताना: स्वतः चालवायची भाड्याची गाडी की चालकासह गाडी?
छत्रपती संभाजीनगरहून सुमारे 100 किलोमीटरवरील अजिंठ्याला जाताना स्वतः चालवण्यासाठी घेतलेली गाडी मोकळीक देते. परंतु तिच्या ब्रेक-क्लचची सवय नसताना थेट महामार्गावर जाणे धोक्याचे असल्यामुळे टायर, स्टेपनी, दिवे व विम्याची मुदत तपासून ती आधी शहरातच थोडी चालवून पाहावी. पेट्रोल-डिझेलच्या अशा गाडीची नंबरपाटी काळी व तिच्यावरची अक्षरे पिवळी नसतील, म्हणजे ती स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याची गाडी म्हणून नोंदलेली नसेल, तर मी तरी ती घेणार नाही, कारण खासगी गाडी भाड्याने चालवताना अपघात झाल्यास विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो. चालकासह येणाऱ्या पेट्रोल-डिझेलच्या भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी असते. ऊसतोडणीच्या हंगामात, रात्री मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असताना, वाट माहीत असलेला चालकच मला अधिक भरवशाचा वाटतो. मात्र त्याची झोप झाली आहे का, हे निघण्यापूर्वी अवश्य विचारावे.