फोंड्यातल्या स्वयंपाकघरातला टेबलटॉप वेट ग्राइंडर: चौदा महिन्यांनंतर

ग्राइंडर घेण्याआधी मी एक महिना सुक्या कचऱ्याची पिशवी गाडीवाल्याला देण्यापूर्वी अंगणात ओतून मोजत होते. इडलीच्या आणि पोळ्यांच्या (म्हणजे आमच्याकडच्या डोशांच्या) तयार पिठाच्या 9 पिशव्या, शाकुती आणि इतर मसाल्यांची 14 पाकिटं, नारळाच्या दुधाचे 4 खोके. पाच माणसांच्या घराचा एका महिन्याचा हा हिशोब. पिठाच्या पिशव्या धुतल्या तरी आंबूस वास जात नाही. मसाल्याच्या चकचकीत पाकिटांत प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करता येत नाहीत, म्हणून भंगारवालाही घेत नाही. इथे गोव्यात साळगावला 2016 पासून मोठा कचरा प्रकल्प आहे, पण असल्या पाकिटांचं पुढे जाळण्याखेरीज फारसं काही होत नाही. ते कळल्यावर मला ती पाकिटं विकत घेववेनात.

यंत्र 2 लिटरचं, दोन दगडी रोळ्यांचं, कोइमतूरच्या बनावटीचं, साडेसहा हजारांना पडलं. वजन इतकं की मी एकटी ते ओट्यावरून हलवत नाही; त्याची जागा कायमची ठरवूनच घ्यावं.

पीठ मात्र अप्रतिम होतं. मिक्सरमध्ये उडीद वाटताना पातं गरगर फिरतं, पीठ तापतं आणि फुगण्याआधीच मरगळतं. इथे दगड सावकाश फिरतात, पिठात हवा शिरते आणि अर्ध्या तासात वाटीभर उडदाचा पांढरा शुभ्र, हलका गोळा चढतो. मी 4 वाट्या तांदळाला 1 वाटी उडीद घेते, चमचाभर मेथी त्यातच भिजवते, आणि उडीद नेहमी थंड पाण्यात वाटते. आधी उडीद, मग तांदूळ, दोन्ही वेगळे. उकडे तांदूळ असतील तर रात्रभर भिजवा आणि दहा मिनिटं जास्त द्या, नाहीतर पोळ्यात कण लागतात. मे महिन्यात पीठ सहा तासांत वर येतं, आषाढात रात्र पुरत नाही. सासूबाईंनी पहिल्या पिठाचं पोळं मोडून वास घेतला आणि म्हणाल्या, "रगड्यावरच्यासारखं आहे गो." पडवीतल्या रगड्यावर त्यांनी तीस वर्षं वाटलं. त्यांचा खांदा गेला, तेव्हापासून रगडा पावसाचं पाणी साठवतोय. त्यांच्या तोंडून हे ऐकलं त्या दिवशी साडेसहा हजार वसूल झाले, असं मी मानते.

वाटणाच्या बाबतीत जरा जपून सांगते. एका नारळाचं शाकुतीचं वाटण यात टाकलं तर ते भांड्याच्या कडेला चिकटून राहतं आणि दगड नुसते कोरडे फिरतात. दोन नारळांच्या खाली मिक्सरच बरा. म्हणून मी रविवारी दोन-तीन नारळांचा चव भाजून, धणे-मिरच्या-खसखशीसकट एकदम वाटून घेते आणि स्टीलच्या छोट्या डब्यांतून फ्रीझरमध्ये ठेवते. मंगळवारी कामावरून आल्यावर डबा काढला की पाकीट फाडण्याइतकंच सोपं. सोलकढीसाठी नारळाचा रसही यातच निघतो. कोमट पाणी घालून वाटायचं, पंचातून पिळायचं. चवथीला 8 नारळ वाटले, यंत्र कुरकुरलं नाही.

सोबत नारळ खवण्याचं आणि कणीक मळण्याचं जोडसाहित्य येतं. कणकेचं मी दोनदा वापरून माळ्यावर टाकलं. खवणीचं बरं आहे, पण करवंटीजवळचा चव राहून जातो. आमची विळी त्याहून सरस.

विजेची भीती असेल तर ऐका: मोटार 150 वॅटची, पाऊण तास चालली तर युनिटचा आठवा हिस्साही लागत नाही.

तक्रार एकच, पण मोठी. नवव्या महिन्यात आतला रबरी पट्टा सैल पडला, मोटार घूं करी आणि भांडं हलेना. दुरुस्तीवाल्यांनी तीन आठवडे घालवले, आणि त्या तीन आठवड्यांत मी पुन्हा तयार पिठाच्या पिशव्या आणल्या. फार वाईट वाटलं. आता एक जादा पट्टा आणून ठेवलाय आणि तो घालायला मुलगा शिकलाय. घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी तो मागून घ्यावा.

कचरा शून्यावर आलेला नाही. उडीद आणि तांदूळ दुकानात येतात तेही प्लास्टिकच्याच गोणीतून, ते मला दिसतं. पण मी ते सुटे, घरच्या कापडी पिशवीतून आणते, आणि मागच्या महिन्यात मोजलं तर पिठाची पिशवी एकही नव्हती, नारळाच्या दुधाचा खोका एकही नव्हता, मसाल्याची पाकिटं 3. ती तिन्ही चहाच्या मसाल्याची. तो यात कुटता येत नाही, त्याला खलबत्ताच हवा.